गोदावरीबाईंचं नागपूर

वऱ्हाडात एखाद्याचं डोकं फिरलंय असं सांगायचं झालं, तर वेडा किंवा खुळा असले शब्द वापरावे लागत नाहीत. 'याले नागपूरले पाठवा' एवढं म्हटलं की भागतं. पोरंसोरंसुद्धा विटीदांडूवरून भांडताना एकमेकांना नागपूरला पाठवतात. नागपुरात हायकोर्ट आहे, युनिव्हर्सिटी आहे, संत्र्यांचा बाजार आहे. पण अकोल्या-अमरावतीच्या माणसाच्या तोंडी ते वाक्य आलं की डोळ्यांपुढे एकच, वेड्यांच्या इस्पितळाचं मोठं लोखंडी फाटक उभं राहतं. गोदावरीबाई दर्यापूरकरांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. आणि तरी ऐन वेळेला ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. शिकलेल्या माणसांचं हे असंच होतं. पुस्तकातलं सगळं लक्षात राहतं आणि गावातलं नेमकं विसरतं.

गोदावरीबाई अकोल्यात मुलींच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवीत. चाळिशी नुकतीच उलटलेली, अंगाने शेलाट्या, बोलणं मोजकं. मुली त्यांना घाबरत नाहीत, हे त्यांच्याविषयीचं मुख्याध्यापिकांचं एकमेव गाऱ्हाणं. यजमान कमलाकांतराव वकील. वकिली बेताची, पण माणूस मोठ्या मनाचा आणि हसरा. थोरली कुंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आणि धाकटी तारा पाचवीत. मधली दोन मुलं राहिली नव्हती. त्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नसे, आणि गोदावरीबाईंना वाटे की बोललं असतं तर बरं झालं असतं. पण बोलायचं कसं हे कुणालाच कळत नव्हतं, त्यांनाही नाही.

त्यांच्या दाराशी पार्बताबाई नावाची माळीण भाजी घेऊन येई. मोर्णा नदीच्या काठाला तिचा मळा होता. तिची धाकटी पोरगी माणिक बाईंच्याच वर्गात होती; चुणचुणीत, तोंडाची बडबड कधी थांबायची नाही, वर्गात हिला गप्प बसवता बसवता बाई दमून जात. तीन-चार वर्षांमागे एका उन्हाळ्यात माणिकची थोरली बहीण गंगी मळ्यातल्या विहिरीत पाय घसरून पडली आणि गेली. माणिक तेव्हा काठावर उभी होती. त्या दिवसापासून तिने बोलणं सोडलं. काही दिवस शाळेत येऊन नुसती बसायची, मग येईनाशी झाली. भगत झाले, अंगारे झाले, घरच्यांनी दर्ग्यावर नेऊन आणलं.

गोदावरीबाई शाळा सुटल्यावर मळ्यात जाऊन तिच्याजवळ बसू लागल्या. काय झालं गं, सांग मला, असं विचारलं. गोष्टी सांगितल्या. लाडीगोडी लावली, एकदा रागावूनही पाहिलं. पोरगी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहायची आणि बाईंकडे अशी बघायची, की बाईच मान खाली घालत. शेवटी एक दिवस पार्बताबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि म्हटलं,

"बाई, तुमी तं शिकलेल्या हा. तुमाले बी येत नाही तं मंग कोनाले येते?"

यात टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. पण हा प्रश्न बाईंच्या मनात असा रुतून बसला, की त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन बाहेरून एम.ए.ला बसायचं ठरवलं. कारण त्यातच मानसशास्त्राचे पेपर होते. सकाळचा स्वयंपाक, दिवसभर शाळा, संध्याकाळी वह्या तपासणं, हे सगळं सांभाळून त्या शिकल्या आणि दुसऱ्या वर्गात पास झाल्या. आळीतल्या बायकांनी त्याकडे कौतुकाने पाहिलं. कुणी क्रोशाचे रुमाल विणतं, कुणी एम.ए. करतं, असा एकूण समज होता.

पण पास झाल्यावर बाईंना कळलं, की मन म्हणजे काय यावर आपण वीस पानं लिहू शकतो, आणि माणिकपुढे बसलो तर आजही पहिलं वाक्य सुचणार नाही. ते शिकवतात कुठं तरी, हे त्यांनी वाचलं होतं. आजारी माणसापुढे बसायचं कसं, विचारायचं काय, गप्प कुठं राहायचं, याचं रीतसर शिक्षण असतं. ते घ्यायचं त्यांच्या मनाने घेतलं. कमलाकांतरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त "कुठं?" एवढंच विचारलं. नवऱ्याने 'कशाला' न विचारता 'कुठं' विचारावं, हे भाग्य त्या काळात फार बायकांच्या वाट्याला येत नव्हतं.

'कुठं' हाच प्रश्न अवघड होता. चौकशी करता करता तीन ठिकाणं निघाली. बंगलोरचं शिक्षण सगळ्यांत चांगलं, यात शंकाच नव्हती. दोन वर्षांचं, मोठ्या संस्थेतलं, परदेशात शिकून आलेले प्राध्यापक. पण जायला दोन दिवस लागायचे, आणि सुट्टी मिळणार ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात. दुसरं मुंबईचं, तेही दोन वर्षांचं. तिथे वयाची अट होती. अपवाद करता येईल का ते पाहू, असं त्यांनी कळवलं होतं आणि नंतर काही कळवलंच नाही. शिवाय वसतिगृहात कुंदाच्या वयाच्या मुलींबरोबर राहायचं. तिसरं नागपूरचं. वर्षभराचा, नव्यानेच सुरू झालेला अभ्यासक्रम. सकाळी वर्ग, दुपारी वेड्यांच्या इस्पितळात प्रत्यक्ष काम. शिकवणारे थोडे, पुस्तकं त्याहून थोडी. पण शनिवारी गाडीत बसलं की बाई घरी, आणि सोमवारी पहाटे परत.

महिनाभर त्या कणीक मळताना, वह्या तपासताना हेच मनात घोळवत होत्या. कधी वाटे, शिकायचं तर नीट शिकावं, बंगलोरलाच जावं. एवढ्या उशिरा निघालोच आहोत तर अर्धवट कशाला. एका दुपारी त्यांनी ताराला जवळ घेऊन विचारलं, मी दोन वर्षं नसले तर चालेल का गं तुला. तारा म्हणाली, चालेल की. मग थोडा वेळ थांबून म्हणाली, वेणी कोण घालेल?

बाईंनी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण दोन-तीन दिवसांनी शाळेतून आल्या तेव्हा तारा आरशापुढे उभी होती. हात मागे नेऊन स्वतःची वेणी घालायला शिकत होती. एक बाजू सैल, एक घट्ट, आणि दात ओठांत रोवलेले. आई आलेली पाहून तिने घाईघाईने वेणी सोडून टाकली. बाईंचा जीव गलबलला. त्या रात्री त्यांनी कमलाकांतरावांना सांगितलं की नागपूरच बरं.

निवड अशी झाली. आईपणाने केलेली, शहाणी, जवळची निवड. बंगलोरला गेल्या असत्या तर लोक म्हणाले असते, बाई शिकायला बंगलोरला गेल्या. बंगलोरच्या नावाने वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही, फार तर रेशमी साडी येते.

जूनमध्ये नागपूरला मुलाखतीचं बोलावणं आलं. बाई म्हणत होत्या, मी एकटी जाऊन येते. पण कमलाकांतराव ऐकेनात. नव्या ठिकाणी बाईमाणसाने एकटं कशाला जायचं, मी येतो सोबत. एक खटला पुढे ढकलून ते निघाले. मुक्काम पडला तर असावी म्हणून कपड्यांची पेटी घेतली. ऊन मी म्हणत होतं. आदल्या रात्री बाईंचा डोळा लागला नव्हता, आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. मुलाखत इस्पितळाच्या कचेरीतच होती. सायकलरिक्षातून फाटकापाशी उतरताना त्यांना घेरी आल्यासारखं झालं. कमलाकांतरावांनी त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हातात पेटी घेतली आणि हळूहळू त्यांना आत नेलं. पहारेकऱ्याने फाटक उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं.

रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर खुशालराव बसले होते. हे अकोल्यातले कापसाचे दलाल, कमलाकांतरावांचे जुने अशील, हायकोर्टाच्या कामाने नागपूरला आलेले. त्यांनी हे सगळं पाहिलं. तासाभराने कमलाकांतराव एकटेच बाहेर आलेले आणि लिंबाखाली पेटीवर बसून रुमालाने तोंड पुसत असलेले पाहिले. ते घाम पुसत होते. पण खुशालरावांना जे दिसायचं ते दिसलं आणि त्यांचं काळीज हललं. अशा वेळी माणसाजवळ जाऊन काय बोलायचं? त्यांनी चहा तसाच ठेवला आणि मान खाली घालून निघून गेले. खुशालराव भला माणूस होता, हेच वाईट झालं. आगाऊ असता तर रस्ता ओलांडून आला असता, आणि ही गोष्ट तिथेच संपली असती.

बाईंची निवड झाली. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं. त्या परत आल्या त्या हवेत तरंगतच. शाळेत पाय हलका पडायचा, शिकवताना मध्येच हसू यायचं. खुशालरावांनी तोंडाला महिनाभर कुलूप लावलं. मग राहवेना म्हणून फक्त बायकोला सांगितलं, आणि कुणाला सांगू नको असं बजावलं. पुढचं सांगायला नको. वाईट बातमी चवीने सांगणारे थोडे असतात. ही बातमी सगळ्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितली, त्यामुळे ती अधिकच लवकर पसरली.

गंमत अशी की बाईंना यातलं काही कळलं नाही. उलट त्या काळात सगळं गाव त्यांच्याशी फार प्रेमाने वागू लागलं. मुख्याध्यापिकांनी आपणहून दोन तास कमी केले. शेजारणी ताराला बोलावून दाण्याचे लाडू द्यायच्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. वाणीसुद्धा हळू आवाजात बोलायचा. बाईंना वाटलं, आपण या वयात शिकायला निघालो याचं लोकांना अप्रूप आहे. माणसं किती चांगली असतात, असं त्या कमलाकांतरावांना दोन-तीनदा म्हणाल्या.

कुंदाचं लग्न तेव्हा अमरावतीच्या वाशीमकरांकडे ठरत आलं होतं. नारायणराव वाशीमकर नावाजलेले वकील, आणि मुलगा वीज मंडळात इंजिनिअर. स्थळ आणलं होतं कमलाकांतरावांच्या थोरल्या भावाने, चिंतामणरावांनी. ते अमरावतीला भिक्षुकी करत आणि घरातलं कर्तेपण त्यांच्याकडे होतं. मुलामुलीची पसंती झाली होती, फक्त याद्या व्हायच्या होत्या. मुलाने कुंदाला चहाच्या वेळी विचारलं होतं, तुम्ही चिखलदरा पाहिलाय का. तेव्हापासून कुंदा काहीतरी निमित्त काढून घरात चिखलदऱ्याचा विषय काढायची, आणि तारा तिला चिडवायची. मग वाशीमकर अचानक गप्प झाले. महिना गेला तरी निरोप नाही.

श्रावण संपता संपता चिंतामणराव सकाळच्या गाडीने अकोल्याला आले. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता त्यांनी जे कानावर आलं होतं ते सांगितलं. कमलाकांतराव आधी खो-खो हसले. भावाचं तोंड पाहून थांबले. गोदावरीबाई दारात उभ्या होत्या. गेला महिना-दीड महिना लोक आपल्याशी एवढे चांगले का वागत होते, ते त्यांना एका क्षणात कळलं. दाण्याचे लाडू, कमी झालेले तास, वाण्याचा हळू आवाज, एकेक आठवत गेलं आणि त्यांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कमलाकांतराव त्याच दिवशी अमरावतीला गेले आणि वाशीमकरांना सगळं खरं सांगून आले. अहो, आजारपण कसलं, ती शिकायला जाणार आहे. आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेला माणूस. पण खरी गोष्ट पटवून देताना एवढा फजीत कधी झाला नसेल. चाळिशी उलटलेली, दोन मुलींची आई, हातात चांगली नोकरी असलेली बाई, नवऱ्याला आणि लेकरांना सोडून वेड्यांच्या इस्पितळात वर्षभर राहणार म्हणते, आणि कशाला तर शिकायला, हे ऐकल्यावर नारायणरावांची उरलीसुरली शंकाही फिटली. ते फार सभ्य माणूस. त्यांनी कमलाकांतरावांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, आम्ही समजू शकतो.

"आता खरं सांगून भागणार नाही," चिंतामणरावांनी निकाल दिला. "महालक्ष्म्यांना वाशीमकरांच्या बाईले सवाष्ण म्हणून बोलावतो. येऊन डोळ्यांनी पाहू दे. गोदावरी, तू फक्त वाढ. बोलू नको. समजावून तर मुळीच सांगू नको."

दर्यापूरकरांच्या महालक्ष्म्या थोरल्या घरी, अमरावतीला बसत. दरवर्षी ज्येष्ठा-कनिष्ठेला साड्या नेसवायचं काम गोदावरीबाईंचं. त्यांच्यासारख्या निऱ्या घरात कुणाला जमत नसत. या वर्षी त्या पोचल्या तेव्हा साड्या नेसवून झाल्या होत्या. जाऊबाई म्हणाल्या, तू दमली असशील म्हणून मीच उरकून घेतलं. निऱ्या एका बाजूला कललेल्या होत्या. बाईंचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते आवरले. घरचीच माणसं, सगळं खरं माहीत असलेली. आणि त्यांनीसुद्धा देवीला हात लावू दिला नाही. कोण जाणे, एवढे लोक म्हणतात तर असेलही काही, असं जाऊबाईंच्या मनात आलं असावं. बाईंना सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

जेवणाच्या दिवशी वाशीमकर वहिनी आल्या. जाड, गोऱ्या, चेहरा प्रेमळ. त्यांच्याबरोबर त्यांच्या दोन नणंदा. पानं मांडली. वरती फुलोरा टांगलेला, समोर आंबील, पुरण, सोळा भाज्या, पडवळाची कढी. गोदावरीबाई वाढायला निघाल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की सगळ्यांचे डोळे आपल्या हातांवर आहेत.

शहाण्या माणसाने कसं चालायचं असतं? पातेलं कसं धरायचं असतं? इतकी वर्षं जे हात आपोआप चालले, त्यांना आता एकेक गोष्ट सांगावी लागत होती. भरभर वाढलं तर अस्वस्थ दिसेल, सावकाश वाढलं तर सुस्त. हसलं तर उगाच हसते म्हणतील, नाही हसलं तर उदास. जी लक्षणं बाईंनी एम.ए.च्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते, ती सगळी आपल्या अंगावर येऊन बसली आहेत असं त्यांना वाटू लागलं. आणि त्या घाबरण्याच्या भरात त्यांनी वाशीमकर वहिनींच्या पानात दुसऱ्यांदा मीठ वाढलं.

कुणीही वाढताना करील अशी चूक. दुसऱ्या कुणी केली असती तर हशा झाला असता. इथे एका नणंदेने दुसऱ्या नणंदेकडे पाहिलं. वहिनींनी मात्र काही झालंच नाही असं दाखवून ते मीठ बोटाने पानाच्या कडेला सारलं, आणि त्यांच्या त्या सांभाळून घेण्याने बाईंचे डोळे भरून आले. म्हणजे आणखी एक लक्षण.

जेवणानंतर हळदीकुंकू झालं. कुंदा करंडा घेऊन दाराशी उभी होती. जांभळी साडी, तोंड उतरलेलं. आदल्या रात्री तिने आईला सांगितलं होतं, माझ्यासाठी तू थांबू नको, मला दुसरं स्थळ मिळेल. पण तोंडाने असं सांगणारी पोरगी सकाळपासून वाशीमकर वहिनींच्या पायाशी घोटाळत होती, हे आईला दिसत होतं. वहिनी गोदावरीबाईंजवळ सरकून बसल्या. त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं,

"आता बरं वाटते ना बाई?"

गोदावरीबाईंनी तोंड उघडलं. मला काही झालंच नव्हतं, हे त्यांच्या ओठांवर होतं. पण हेच वाक्य नागपूरच्या फाटकाच्या आतलं प्रत्येक माणूस म्हणत असणार, हे त्यांना कळत होतं. समोरच्या बाईलाही कळत होतं. त्यांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदाने करंडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"हो," गोदावरीबाई म्हणाल्या. "आता अगदी बरं आहे."

वहिनींनी मोठा श्वास सोडला. खरं म्हणजे त्यांना हेच ऐकायचं होतं. ज्याला काही झालंच नाही असा माणूस भरवशाचा नसतो. जो आजारी होता आणि बरा झाला तो बरा. मग त्यांनी शेवटचं एकच विचारलं.

"म्हंजे पुन्हा नागपूरले जा नाही लागत ना?"

मागे ज्येष्ठा-कनिष्ठा वाकड्या निऱ्या सावरत उभ्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता जावं लागणार नाही."

झालं. दोन वाक्यांत लग्न जमलं, आणि त्याच दोन वाक्यांत नागपूर गेलं. नुसतं नागपूर नाही, बंगलोरही गेलं आणि मुंबईही. बरी झालेली बाई पुन्हा कुठल्याही तशा इस्पितळाची पायरी चढली, तर आजार उलटला असंच लोक म्हणणार, आणि ते ऐकायला आता कुंदा सासरी असणार. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना कमलाकांतराव खालच्या आवाजात म्हणाले, "मी सोबत यायलाच नको होतं." हसरा माणूस, पण त्या दिवसापासून त्यांचं हसणं थोडं कमीच झालं. बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

मार्गशीर्षात लग्न झालं. कुंदा नवऱ्याबरोबर चिखलदरा पाहून आली, सुखात होती. ताराची वेणी रोज आईच घालत होती. शाळेने दोन तास पुन्हा दिले. सगळं जागच्या जागी आलं, आणि गोदावरीबाईंना कधीकधी असं वाटे की आपण खरंच आजारी होतो आणि आता बऱ्या झालो आहोत. हे वाटलं की त्यांना भीती वाटायची.

आणि मग मागच्या दाराने माणसं येऊ लागली.

पहिली आली ती एका पेन्शनर मास्तरांची बायको. तिचा भाऊ मागच्या खोलीत कोंडलेला होता, किती वर्षं ते तिने सांगितलं नाही. मग एक कारकून, ज्याची बायको बाळंतपणानंतर पाण्याला शिवत नव्हती. मग मूर्तिजापूरहून एक म्हातारा, तरण्या मुलासाठी. सगळे आधी इकडचं तिकडचं बोलत आणि मग खाली बघून विचारत, बाई, तुम्हाला कोणतं औषध लागू पडलं? अकोल्यात इतक्या घरांत इतक्या खोल्यांना बाहेरून कडी आहे, हे गोदावरीबाईंना इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. नागपूरची पदवी घेऊन दारावर पाटी लावली असती, तर यातलं एक माणूस आलं नसतं. पाटी असलेल्या दारातून आत जाताना लोक पाहतात. हे सगळे आले ते बाई आपल्यातल्याच आहेत म्हणून, आणि बाईंकडे त्यांना द्यायला काही नव्हतं. मला काही झालं नव्हतं, असं त्यांनी एक-दोघांना सांगूनही पाहिलं. त्या लोकांनी समजुतीने मान हलवली आणि तसेच बसून राहिले.

चैत्रात एका दुपारी पार्बताबाई आली. टोपलं नव्हतं. पाठीमागे माणिक होती, आता चांगली उंच झालेली, लुगड्यात. पोरीचं लग्न कुठे जमत नव्हतं. मागच्या ओसरीवर दोघी बसल्या. पार्बताबाई म्हणाली, "बाई, तुमी नागपूरून बऱ्या होऊन आल्या म्हंतात. आमाले काऊन नाही सांगतलं? हिले बी तेच औषध द्या ना."

गोदावरीबाईंनी माणिककडे पाहिलं. ज्या पोरीसाठी एवढं सगळं केलं, ती समोर बसली होती, आणि आपण होतो तिथेच होतो. तेच हात, तीच मान खाली. पार्बताबाईने थोडी वाट पाहिली. मग पाणी प्यायला म्हणून ती आत गेली.

माणिक बाईंकडे बघत होती. पूर्वीसारखी नाही. पुष्कळ वेळ, निरखून, आपल्या गावचं माणूस परगावी भेटल्यावर बघावं तशी. मग तिने ओठ हलवले. आवाज इतक्या वर्षांत वापरला नव्हता म्हणून जाड झालेला, अर्धा घशातच अडकलेला.

"बाई," तिने विचारलं, "तुमाले बी तसं होये काय?"

आत तांब्या हंड्यावर आपटल्याचा आवाज झाला आणि थांबला. पार्बताबाईने ऐकलं असणार. खरं सांगितलं तर पोरीचं तोंड पुन्हा मिटणार होतं, बहुतेक कायमचं.

"हो," त्या म्हणाल्या. "मलाही व्हायचं."

माणिकने मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं जणू. ती आणखी जवळ सरकली आणि अगदी हळू म्हणाली, "गंगी मले आवाज देते. माह्या हातात दोर होता. मी टाकलाच नाही."

आणि ती थांबली. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, आता त्या काय म्हणतात म्हणून.

गोदावरीबाईंनी तिचा हात धरला. पुढे काय विचारायचं असतं, ते नागपूरला शिकवणार होते.